वाटेतून बाजूला झालेल्या बाई

गल्लीतल्या नर्सरीच्या पाटीवर आपण जे नाव रोज वाचतो, त्या नावाच्या खरोखरच एक बाई होत्या. मुलांना स्वातंत्र्य द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या डॉ. मारिया मॉन्टेसरींची ही गोष्ट.

पुणे असो, नाशिक असो की सावंतवाडी, ‘मॉन्टेसरी’ लिहिलेली एक तरी पाटी गावात असतेच. भिंतीवर कार्टून, आत बुटक्या खुर्च्या आणि ॲडमिशनच्या दिवसांत बाहेर ताटकळलेले आईबाबा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातला पहिला डबा अशाच एखाद्या खोलीत उघडलाय. त्यामुळे मॉन्टेसरी हा बालवाडीसाठीचा इंग्रजी शब्द असावा असं अनेकांना वाटतं. पण ते आडनाव आहे, इटलीतल्या एका डॉक्टरबाईंचं. त्यांनी पहिली शाळा उघडली ती रोममधल्या एका गरीब वस्तीत, दिवसभर कामावर जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी. आज त्याच नावाच्या काही शाळांची फी ऐकून मजुराने तिकडे फिरकूसुद्धा नये, हा काळाचा विनोद.

तर या बाई कोण? मुलांना मोकळं सोडा असं म्हणणारे त्यांच्या आधीही होते. मग यांनी असं काय वेगळं केलं, की मुसोलिनीने आधी त्यांना डोक्यावर घेतलं आणि पुढे त्याच्याच राजवटीत त्यांच्या शाळांना कुलूप लागलं?

शिक्षिका व्हायचं नाही म्हणजे नाही!

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७०चा, इटलीतल्या किआरावाल्ले या छोट्या गावातला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे भरपूर वाचणारी. मारिया पाचेक वर्षांची असताना हे कुटुंब रोमला आलं. त्या काळी मुलगी शिकलीच तर शिक्षिका होणार, हे ठरलेलं. मारियाला आवडायचं गणित. तिने तेराव्या वर्षी टेक्निकल शाळेत नाव घातलं, कारण तिला इंजिनीअर व्हायचं होतं. शिक्षिका मात्र आपण होणार नाही, हे तिचं पक्कं होतं. पुढचं आयुष्य पाहता गंमतच म्हणायची.

मग तिचं मन मेडिकलकडे वळलं. वडिलांना ते पसंत नव्हतं, आई पाठीशी होती. आधी नैसर्गिक विज्ञानाचा अभ्यास करून तिने रोम विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळवला. मुलांसोबत बसून मृतदेहाचं विच्छेदन करणं मुलीला शोभत नाही, असं मानलं जायचं. त्यामुळे बाकीचे घरी गेल्यावर तिने ते एकटीने करायचं. संध्याकाळची वेळ, रिकामी इमारत, समोर प्रेत आणि आपण एकटे, एवढं नुसतं डोळ्यांसमोर आणून बघा. १८९६ मध्ये तिला डिग्री मिळाली आणि इटलीतल्या सुरुवातीच्या मोजक्या महिला डॉक्टरांमध्ये तिचं नाव लागलं. त्याच वर्षी बर्लिनला भरलेल्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तिने बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळाला पाहिजे, अशी मागणी केली. इथून पुढे आपण तिला मारियाबाई म्हणू.

पावाचा चुरा

डॉक्टर झाल्यावर मारियाबाई विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. त्यासाठी त्यांना शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. बौद्धिक वाढ कमी असलेल्या लहान मुलांनाही तेव्हा तिथेच, मोठ्या रुग्णांसोबत कोंडून ठेवत. अशाच एका ठिकाणी मुलं जेवण झालं की जमिनीवर पडलेला पावाचा चुरा गोळा करायला धावायची. त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या मते तो हावरटपणा होता. मारियाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत मुलांनी हातात घ्यावं असं काहीच नव्हतं. ना खेळणं, ना वस्तू. बोटांना काहीतरी हवं म्हणून ती मुलं चुरा चिवडत होती.

ज्या मुलांना सगळे आजारी म्हणत होते, त्यांना निदान काही अंशी औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केलेलं काम त्यांनी मुळातून वाचून काढलं. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी संस्था सुरू झाली. डॉ. ज्युझेप्पे मोन्तेसानो यांच्यासोबत मारियाबाई तिच्या संचालक होत्या. तिथली काही मुलं लिहायला-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या सरकारी परीक्षेत पासही झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारियाबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ज्यांच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती ती मुलं इथवर पोचत असतील, तर धडधाकट मुलं शाळेत वर्षानुवर्षं बसूनही तिथेच का राहतात? घोळ मुलांत आहे की शाळेत?

याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली होती. मोन्तेसानो आणि त्या प्रेमात होते. १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न केलं असतं तर काम सोडावं लागलं असतं आणि लग्नाशिवाय मूल वाढवलं असतं तर समाजाने काम करू दिलं नसतं. मारिओला गावाकडे एका कुटुंबात वाढायला ठेवलं गेलं. १९०१ मध्ये मोन्तेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि मारियाबाईंनी ती संस्था सोडली. मारिओ आईजवळ राहायला आला तो थेट पंधराएक वर्षांचा झाल्यावर. त्यानंतरही कित्येक वर्षं जगाला तो भाचा किंवा दत्तक मुलगा म्हणूनच माहीत होता. जगभरच्या मुलांचा विचार करणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलाचं बालपण बघायला मिळालं नाही. ही गोष्ट झाकून त्यांचं चरित्र सांगता येत नाही.

सान लोरेन्झोची खोली

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची वस्ती होती. बांधकामाची लाट ओसरल्यावर अर्धवट राहिलेल्या इमारतींत गरीब कुटुंबं दाटीवाटीने राहायची. एका कंपनीने त्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. पण आईबाप कामावर गेले की लहान मुलं दिवसभर जिन्यात हुंदडायची, भिंती खराब करायची. सारखी रंगरंगोटी करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत बसवलेलं स्वस्त पडेल, असा कंपनीचा साधा हिशोब होता. देखरेखीसाठी मारियाबाईंना विचारलं गेलं. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. तीच कासा देई बांबीनी, म्हणजे मुलांचं घर. पन्नासहून अधिक मुलं, साधारण तीन ते सहा वर्षांची. पहिल्या दिवशी बहुतेक भेदरलेली, काही चक्क रडत होती.

ट्रेन्ड शिक्षक ठेवायला पैसे नव्हते. वस्तीतल्याच एका बाईकडे मुलं सोपवली. मारियाबाईंनी तिला शिकवण्याची पद्धत वगैरे सांगितली नाही. बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलांसाठी बनवलेली साधनं तेवढी दिली आणि स्वतः येऊन बघत बसू लागल्या. या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. त्या शिकवायला बसल्या नाहीत, बघायला बसल्या. डॉक्टर पेशंटला बघतो तसं, वहीत टिपणं काढत.

एकदा तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळा घेऊन बसली होती. ठोकळ्यात दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाचं माप वेगळं. ती सगळे दट्टे काढायची, मिसळायची, पुन्हा जागच्या जागी बसवायची. मारियाबाईंनी मुद्दाम बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं. मुलगी ढिम्म. मग ती बसली होती त्या खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं. मग आपणहून थांबली, छान झोप झाल्यावर माणूस जसा ताजातवाना दिसतो तसं इकडेतिकडे बघितलं. तिला कुणी शाबासकी दिली नव्हती, चॉकलेट कबूल केलं नव्हतं.

दुसरा प्रसंग कपाटाचा. साधनांचं कपाट बाई कुलूप लावून ठेवायच्या. एक दिवस ते उघडं राहिलं. मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू काढली आणि कामाला लागली. बाईंना ती चोरी वाटली. मारियाबाईंना त्यात दिसलं, की मुलांना प्रत्येक वस्तूची जागा माहीत आहे आणि काय हवंय तेही माहीत आहे. तेव्हापासून उंच कपाटं गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी शेल्फं आली. फर्निचर मुलांच्या मापाचं झालं. आज नर्सरीतल्या बुटक्या खुर्च्या आपल्याला क्यूट वाटतात. तेव्हा तो साधा न्याय होता. मोठ्यांच्या जगात मुलाला पाण्याच्या भांड्यासाठीही हात पसरावा लागतो, ते बंद करायचं होतं.

मग आलं लिहिणं. सँडपेपरची अक्षरं कापून ती पाट्यांवर चिकटवलेली होती. मुलं त्यांवरून बोट फिरवायची आणि आवाज म्हणायची. लिही असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, गच्चीवर ऊन खात बसलेले असताना, मारियाबाईंनी एका मुलाला खडूने समोरची चिमणी, म्हणजे धुराडं, काढायला सांगितलं. त्याने ते काढलं आणि मग एकदम अक्षरं लिहू लागला, शब्द लिहू लागला. बाकीची मुलंही खडू मागायला धावली. दिसेल तिथे लिहिणं सुरू झालं. ज्या घरांत आईबापांनाच अक्षरओळख नव्हती, त्या घरांतली ही चार-पाच वर्षांची मुलं.

चूक कोण दाखवणार?

आता त्या दट्ट्यांच्या ठोकळ्याकडे पुन्हा नीट बघू. एखादा दट्टा चुकीच्या भोकात घातला तर काय होईल? तो तरी आत जाणार नाही, नाहीतर शेवटी एक दट्टा उरेल, ज्याला जागाच नाही. म्हणजे चूक झालीय हे ठोकळाच सांगतो. मूल परत बघतं, कुठे घोळ झाला ते शोधतं, दुरुस्त करतं. मध्ये बाई येतच नाहीत.

वाचायला फार साधं वाटतं. पण आपल्या शाळेत काय होतं आठवा. उत्तर लिहायचं, वही बाईंच्या टेबलावर ठेवायची आणि लाल पेनाची वाट बघायची. बरोबर की चूक, हे उत्तरात नसतं, बाईंच्या हातात असतं. असं दहा-बारा वर्षं चाललं की माणूस स्वतःचं उत्तर तपासणं सोडून देतो आणि समोरच्याचा चेहरा वाचायला शिकतो. मारियाबाईंनी हे दुखणं बरोबर पकडलं. तीन वर्षांच्या मुलाला तर्कशास्त्राचं लेक्चर देता येत नाही. पण जग माझ्या अंदाजाशी जुळतंय का, हे स्वतः ताडून बघायची सवय त्याच्या हाताला लावता येते. चिकित्सक विचार म्हणतात त्याची ही बालवाडी.

स्वातंत्र्याबद्दलही त्यांची समज अशीच नेमकी होती. मुलाने काय करायचं, किती वेळ करायचं, चटईवर बसून करायचं की टेबलावर, हे त्याने ठरवायचं. पण दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावायची नाही. प्रत्येक साधन एकच असायचं, त्यामुळे ते रिकामं होईपर्यंत थांबावं लागे. काम झालं की वस्तू जागेवर ठेवायची. कुणाला इजा करणं, त्रास देणं चालणार नाही. त्यामुळे मॉन्टेसरी म्हणजे मुलांना वाट्टेल ते करू देणं, हा समज चुकीचा. उलट शिस्त तिथे होतीच, फक्त ती छडीतून न येता कामातून यायची. बक्षिसं आणि शिक्षा दोन्ही त्यांनी काढून टाकल्या, कारण मुलं दोन्हींकडे फारसं लक्ष देत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं.

नाव झालं, घोळही झाले

१९०९ मध्ये या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि काही वर्षांतच ते जगभर गेलं. १९१३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचं भाषण ऐकायला गर्दी उसळली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला गेला. लोक बाहेरून बघत आणि आत मुलं आपापल्या कामात.

पण टीकाही झाली आणि ती सगळीच खोडसाळ नव्हती. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९१४ मध्ये पुस्तक लिहून आक्षेप घेतले. साधनं ठरावीक, ती वापरायची रीतही ठरलेली, मग मुलाच्या कल्पनेला वाव कुठे, असा त्याचा रोख होता. अमेरिकेतली लाट त्यानंतर ओसरली. दुसरी अडचण खुद्द मारियाबाईंचीच. पद्धतीत कुणी फेरफार केलेला त्यांना खपायचा नाही आणि शिक्षक तयार करण्याचा अधिकार त्यांनी बराच काळ स्वतःच्या हातात ठेवला. मुलांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या बाईंना मोठ्यांवर तो टाकणं जड गेलं.

आणि मग मुसोलिनी. १९२२ मध्ये तो सत्तेवर आला. १९२४च्या सुमारास त्याच्या सरकारने मॉन्टेसरी शाळांना पाठबळ द्यायला सुरुवात केली. त्याला काय हवं होतं हे कळायला सोपं आहे. चार वर्षांची मुलं लिहितात-वाचतात, वर्गात गोंधळ नाही, वस्तू जागच्या जागी. वर जगभर नावाजलेली इटालियन बाई. हुकूमशहाला आणखी काय पाहिजे? मारियाबाईंना मायदेशात शाळा वाढवायच्या होत्या. अमुक पक्ष, तमुक पक्ष हे त्यांनी बाजूला ठेवलं. कामासाठी मदत मिळतेय ना, मग देणारा कोण हे कशाला बघायचं, असा हा व्यवहार. आपल्याही ओळखीचा आहे तो.

हा व्यवहार दहाएक वर्षं चालला. पण वर्गात शांत बसलेलं मूल दोन कारणांनी शांत असू शकतं. एक, ते कामात बुडालंय. दोन, ते घाबरलंय. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. मुसोलिनीला दुसरी शांतता हवी होती. लहान मुलांना गणवेश घालून कवायत करायला लावणारी फॅसिस्ट संघटना निघाली, शिक्षकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली जाऊ लागली, मॉन्टेसरी संस्थेत सरकारची माणसं बसली. स्वतःची चूक स्वतः शोधायला शिकलेलं मूल उद्या सरकारची चूकही शोधेल, ही साधी गोष्ट दोन्ही बाजूंना हळूहळू उमगली असावी. १९३३ मध्ये मारियाबाई आणि मारिओ त्या संस्थेतून बाहेर पडले. १९३४ मध्ये इटलीशी संबंध तुटला आणि तिथल्या शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनीही मॉन्टेसरी शाळा बंद केल्या. मारियाबाई बार्सिलोनात राहत होत्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि तिथूनही त्यांना निघावं लागलं. मग हॉलंड.

या काळात त्या शांततेविषयी बोलू लागल्या. जिनिव्हा, कोपनहेगन अशा ठिकाणच्या व्याख्यानांत त्यांचं सूत्र एकच होतं. लहानपणापासून फक्त आज्ञा पाळायला शिकलेली माणसं मोठेपणी कुठल्याही पुढाऱ्याच्या मागे जातात, त्यामुळे युद्ध टाळायचं काम बालवाडीपासून सुरू होतं. मुसोलिनीशी झालेल्या व्यवहारानंतर हे बोलणं नुसतं पुस्तकी राहिलं नव्हतं.

मद्रास, अहमदनगर, कोडाईकनाल

१९३९च्या शेवटी त्या मारिओसोबत भारतात आल्या. मद्रासच्या अड्यार भागातल्या थिऑसॉफिकल सोसायटीने शिक्षकांचा कोर्स घ्यायला बोलावलं होतं. तेव्हा त्यांचं वय ६९. काही महिन्यांसाठी आलेल्या बाई जवळपास सात वर्षं इथे राहिल्या, कारण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघं शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. मारियाबाईंना अड्यारच्या आवारातच राहायला सांगण्यात आलं. मारिओला पकडून नेलं ते आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या छावणीत.

३१ ऑगस्ट १९४० रोजी मारियाबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयने मारिओच्या सुटकेची तार पाठवली. त्या तारेत मारिओचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच होता, असं सांगतात. बेचाळीस वर्षं आडून आडून सांगितलेलं नातं सरकारी कागदावर आलं.

भारतातल्या मुक्कामात त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. युद्धाची काही वर्षं कोडाईकनालला गेली. तिथे वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र होती आणि भोवती डोंगर, झाडं, किडे, तळं. सहा ते बारा वयाच्या मुलांनी काय शिकावं याचा त्यांनी तिथे नव्याने विचार केला. आधी विश्वाची मोठी गोष्ट सांगायची आणि त्यातला कुठला धागा धरून पुढे जायचं ते मुलाने ठरवायचं, अशी ती कल्पना.

शिंपले, बिया आणि ताराबाई

मारियाबाई इथे येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा विचार आपल्याकडे पोचला होता. भावनगरमध्ये वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटची नोकरी सोडून त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. दुर्दैव असं, की गिजुभाई जून १९३९ मध्ये गेले आणि मारियाबाई भारतात उतरल्या त्याच्या काही महिन्यांनी.

ताराबाईंनी पुढे जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं. महागडी परदेशी साधनं खेड्यातल्या मुलांना परवडणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. दिवसभर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतील तिथेच शाळा. मारियाबाईंना पद्धतीत फेरफार आवडत नसत. ताराबाईंनी ते बेधडक केले, कारण समोरच्या मुलाकडे नीट बघायचं, हा मारियाबाईंचाच धडा त्या गिरवत होत्या. गुरूचं सगळं जसंच्या तसं घेतलं असतं तर तो धडा वाया गेला असता.

मारियाबाईंचं निधन ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये, समुद्रकाठच्या नूर्डवाइक गावी झालं. तोवर शांततेच्या नोबेलसाठी त्यांचं नाव तीनदा सुचवलं गेलं होतं. ज्या इटलीने त्यांच्या शाळा बंद केल्या, त्याच इटलीने १९९० मध्ये हजार लिराच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं.

मॉन्टेसरी या नावावर आता कुणाची मालकी नाही. कुणीही पाटी लावू शकतं. त्यामुळे पाटीवरून काही कळत नाही. कळायचं असेल तर आत डोकावून तीन गोष्टी बघायच्या. वस्तू मुलांच्या हाताला येतात का? मूल एकाच कामात रमलं तर त्याला तिथेच राहू देतात, की घंटा झाली म्हणून उठवतात? आणि चूक झाल्यावर मूल आधी कुणाकडे बघतं, हातातल्या वस्तूकडे की बाईंच्या चेहऱ्याकडे?

तिसरा प्रश्न आपल्यालाही लागू आहे बरं का. आपण वीस-बावीस वर्षांचे झालो, तरी असाइनमेंट हातात आली की पहिला प्रश्न असतो, सरांना नेमकं काय हवंय? प्रोजेक्टचं उत्तर जुळलं नाही तर आपण आकडे परत तपासतो, की मागच्या बॅचची फाइल शोधतो? व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे ढकलण्याआधी ते खरं आहे का हे ताडून बघतो, की पाठवणारा काका मोठा आहे म्हणून गप्प बसतो? सान लोरेन्झोतल्या त्या तीन वर्षांच्या मुलीला हे जमलं होतं. शेवटी एक दट्टा उरला की ती कुणाला विचारायला जायची नाही. सगळे दट्टे बाहेर काढायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.